आकाशाच्या मजल्यांमधील देवघेव

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात वातावरणाची आकृती बहुधा सर्वांनीच पाहिलेली असते. जमिनीलगत तपांबर, त्यावर स्थितांबर, त्याहून वर मध्यांबर आणि सर्वांत वर उष्मांबर, अशा आडव्या पट्ट्या आखलेल्या असतात. प्रत्येक पट्टीचा रंग वेगळा आणि दोन पट्ट्यांमधील रेघ ठसठशीत. ही आकृती चुकीची नाही. परंतु ती पाहून मनावर असा ठसा उमटतो की हे मजले एकमेकांपासून पूर्णपणे अलग आहेत, आणि एका मजल्यावर काय घडते याचे दुसऱ्याला सोयरसुतक नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. शेतात पडलेल्या खतातून निघालेला वायू काही वर्षांनी तीस किलोमीटर उंचीवर ओझोन नष्ट करतो. शंभर किलोमीटर उंचीवर ध्रुवीय प्रकाशात तयार झालेला वायू हिवाळ्याच्या अंधारात खाली उतरून तेच काम करतो. कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड चारशे किलोमीटरवरील उपग्रहाचे आयुष्य बदलतो. ही देवघेव अत्यंत संथ असते, आणि म्हणूनच ती दीर्घकाळ कोणाच्या ध्यानात येत नाही. एकदा सुरू झाल्यावर ती चटकन थांबवताही येत नाही.

मजले कसे पडले?

वातावरणाचे थर तापमानावरून ठरतात. जमिनीपासून वर जाऊ लागले की हवा थंड होत जाते. ध्रुवांवर सुमारे आठ आणि विषुववृत्ताजवळ सोळा ते अठरा किलोमीटरपर्यंत हा क्रम चालतो. ढग, पाऊस, वादळे हा सारा व्यवहार याच तपांबरात होतो. याहून वरही हवा थंडच होत जात असेल, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मानले जाई. फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ तेसरां द बोर यांनी उपकरणे बांधलेले शेकडो फुगे आकाशात सोडले आणि १९०२ मध्ये जाहीर केले की एका मर्यादेनंतर तापमान घटणे थांबते. त्याच सुमारास जर्मनीत रिशार्ड आसमान यांनाही हेच आढळले. स्थितांबराचा शोध तो हाच.

भारतातही या अभ्यासाला लवकर प्रारंभ झाला. आग्र्याहून १९२५ ते १९२८ या काळात सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींवरून के. आर. रामनाथन यांनी दाखवून दिले की तपांबराची वरची सीमा ध्रुवांपेक्षा उष्णकटिबंधावर अधिक उंच आणि अधिक थंड असते. पुढे हेच रामनाथन अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. जमिनीवर सर्वाधिक उष्ण असलेल्या प्रदेशाच्या डोक्यावरच सर्वांत थंड हवा असावी, ही गोष्ट वरकरणी विचित्र वाटते. पण तिच्यातच मजल्यांमधील व्यवहाराची किल्ली दडलेली होती.

स्थितांबरात वर जावे तसे तापमान वाढते, कारण तेथील ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून तापतो. थंड हवा खाली आणि उबदार हवा वर, अशी रचना असली की हवेची घुसळण होत नाही. तळाशी तापलेल्या भांड्यातील पाणी खळाळते. वरून तापवलेले पाणी मात्र शांत राहते. स्थितांबर हे असे वरून तापवलेले भांडे आहे. तेथे पाऊस पडत नाही, त्यामुळे तेथे पोहोचलेला वायू धुऊनही निघत नाही. तपांबरातील धूळ काही दिवसांत वा आठवड्यांत पावसाबरोबर खाली येते. स्थितांबरात गेलेला पदार्थ तेथे वर्षानुवर्षे राहतो.

वर जाणारा जिना

मग वायू वर जातात तरी कसे? याचे उत्तर १९४९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलन ब्रुअर यांनी दिले. स्थितांबरातील हवा कमालीची कोरडी असल्याचे त्यांना मोजमापांतून दिसून आले. त्यांनी असा तर्क केला की ही हवा उष्णकटिबंधाच्या माथ्यावरील अतिथंड सीमेतूनच वर आली असली पाहिजे. तेथील तापमान उणे ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास असते; त्या थंडीत हवेतील बाष्पाचा बर्फ होऊन खाली पडतो आणि पुढे जाते ती जवळजवळ शुष्क हवा. ओझोनच्या अभ्यासावरून गॉर्डन डॉब्सन यांनीही हवेच्या अशाच प्रवाहाचा कयास बांधला होता. म्हणून या महाप्रवाहाला ब्रुअर-डॉब्सन अभिसरण असे नाव पडले.

हे अभिसरण म्हणजे वातावरणाचा मोठा जिना होय. उष्णकटिबंधावर हवा दिवसाला जेमतेम वीस-तीस मीटर या गतीने वर सरकते, मग ध्रुवांकडे वळते आणि तेथे खाली उतरते. ध्रुवीय प्रदेशावरील वरच्या स्थितांबरात आज असलेली हवा जमिनीजवळून निघून चार ते सहा वर्षे उलटलेली असतात. याचा एक सुंदर पुरावा १९९० च्या दशकात उपग्रहांच्या नोंदींतून मिळाला. उष्णकटिबंधावरील सीमेचे तापमान ऋतूनुसार बदलते, त्यामुळे वर जाणाऱ्या हवेतील बाष्पही कमी-अधिक होते. या कोरड्या व ओलसर पट्ट्या एकापाठोपाठ एक वर सरकताना उपग्रहांना दिसल्या. टेपरेकॉर्डरच्या फितीवर आवाज नोंदला जावा, तशी गेल्या ऋतूंची नोंद तेथे उमटलेली असते. शास्त्रज्ञांनी तिला नावही टेपरेकॉर्डरचेच दिले.

या जिन्याच्या पायथ्याशी भारतीय उपखंड आहे. पावसाळ्यात आशियावर उंच आकाशात हवेचा एक विशाल भोवरा तयार होतो. मोसमी ढग जमिनीवरील प्रदूषित हवा त्याच्यापर्यंत उचलून नेतात. उपग्रहाच्या नोंदींवरून २०११ मध्ये असे उघडकीस आले की दर पावसाळ्यात तेरा ते अठरा किलोमीटर उंचीवर सूक्ष्म कणांचा एक थर या भोवऱ्यात साचतो. त्याच्या अभ्यासासाठी पुढे अमेरिकी व भारतीय संस्थांनी मिळून फुगे सोडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथील बलून केंद्र या कामी उपयोगी पडले.

खतापासून ओझोनपर्यंत

जिन्याने वर जाण्याचा मान सर्वच वायूंना मिळत नाही. जे वायू तपांबरात सहज विघटित होतात किंवा पाण्यात विरघळतात, ते वाटेतच संपतात. जे रासायनिकदृष्ट्या सुस्त असतात तेच टिकून वर पोहोचतात. सुस्तपणा हा येथे गुण ठरत नाही. फ्रिजमध्ये वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन हे वायू विषारी नव्हते, पेट घेत नव्हते, कशाशीही संयोग पावत नव्हते. म्हणूनच ते सुरक्षित मानले गेले. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की हा सुरक्षितपणाच घातक आहे. खाली काहीच न करणारे हे वायू स्थितांबरात गेल्यावर अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यांतून मोकळा झालेला क्लोरीन ओझोनचा संहार करतो. अंटार्क्टिकावर दर वसंतात ओझोन विलक्षण घटत असल्याचे १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले आणि दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रियल करार झाला. भारत या करारात १९९२ मध्ये सहभागी झाला.

क्लोरीनच्या आधीच, १९७० मध्ये, पॉल क्रुटझेन यांनी नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडे बोट दाखवले होते. मातीतील जिवाणू नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. तो वातावरणात सुमारे ११५ ते १२० वर्षे टिकतो. स्थितांबरात त्याचा बराचसा भाग निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतरित होतो. परंतु थोडा अंश नायट्रिक ऑक्साइड बनतो. हा रेणू ओझोनचा एक ऑक्सिजन अणू काढून घेतो, पुढच्या अभिक्रियेत तो सोडून देतो, आणि पुन्हा नव्या ओझोनवर चाल करायला मोकळा होतो. स्वतः न संपता हे काम तो वारंवार करतो, म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणतात. क्रुटझेन, मोलिना आणि रोलंड या तिघांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर अब्ज रेणूंमागे नायट्रस ऑक्साइडचे सुमारे २७० रेणू होते. आज ते ३३५ हून अधिक आहेत. या वाढीत नत्रयुक्त खतांचा वाटा मोठा आहे. मूळचे म्हैसूरचे शास्त्रज्ञ ए. आर. रविशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की क्लोरोफ्लुरोकार्बनवर बंदी आल्यानंतर मानवाकडून होणाऱ्या उत्सर्जनांपैकी ओझोनला सर्वाधिक घातक ठरणारा वायू आता हाच आहे. आणि हा वायू माँट्रियल कराराच्या कक्षेत येत नाही.

उन्हाळ्यातील बर्फाचे ढग

दुसरा प्रवासी मिथेन. भातशेती, गुरे, कचऱ्याचे ढीग, कोळशाच्या खाणी आणि नैसर्गिक वायूची गळती, अशा अनेक मार्गांनी तो हवेत येतो. दर अब्ज रेणूंमागे सुमारे ७२० असलेले त्याचे प्रमाण आता १९०० च्या पुढे गेले आहे. बाष्प उष्णकटिबंधाच्या माथ्यावर गोठून अडते. मिथेन मात्र गोठत नाही. तो निर्वेध वर जातो आणि स्थितांबराच्या वरच्या भागात हळूहळू जळतो. त्याच्या एका रेणूपासून पाण्याचे जवळजवळ दोन रेणू तयार होतात. पाण्याला जी सीमा ओलांडता येत नाही, ती हायड्रोजन असा मिथेनच्या रूपाने ओलांडतो. स्थितांबराच्या तळाशी दर दहा लाख रेणूंमागे पाण्याचे सुमारे चार रेणू असतात, तर माथ्याशी सहा-सात. हा फरक मुख्यतः मिथेनमुळेच पडतो.

हे पाणी पुढे मध्यांबरात पोहोचते. तेथील हवेचे चलन आणखी वेगळे आहे. उन्हाळा असलेल्या ध्रुवावर हवा वर उचलली जाते आणि प्रसरण पावून थंड होते. हिवाळा असलेल्या ध्रुवावर ती खाली उतरते. त्यामुळे ज्या ध्रुवावर चोवीस तास ऊन असते, त्याच्यावर ८५ ते ९० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या वातावरणातील सर्वांत कडाक्याची थंडी असते. तापमान उणे १३० अंशांच्याही खाली जाते. या थंडीत अत्यल्प बाष्पाचेही बर्फकण होतात. सूर्य मावळल्यावर क्षितिजाखालून येणारा प्रकाश त्यांच्यावर पडला की ते चंदेरी-निळसर झळकतात. हे निशादीप्त ढग प्रामुख्याने उंच अक्षांशांवरून दिसतात.

त्यांच्या पहिल्या निश्चित नोंदी १८८५ च्या उन्हाळ्यातील आहेत. त्यापूर्वी आकाशाचे बारकाईने निरीक्षण करणारे लोक नव्हते असे नाही. तरीही या ढगांचा उल्लेख सापडत नाही. क्राकाटोआ ज्वालामुखीचा १८८३ चा स्फोट हे एक कारण सांगितले जाते. परंतु ज्वालामुखीचे बाष्प ओसरल्यावरही ढग येतच राहिले. मिथेनच्या वाढीमुळे मध्यांबरात पाणी वाढले आणि त्यामुळे हे ढग अधिक ठळक झाले, असा विचार १९८९ मध्ये मांडला गेला. नंतरच्या संगणकीय प्रारूपांनी त्याला बळ दिले.

निसर्गानेही अलीकडे एक मोठा प्रयोग करून दाखवला. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळील हुंगा या सागरी ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याचा लोट ५७ किलोमीटरपर्यंत, म्हणजे थेट मध्यांबरात चढला. समुद्राच्या पाण्यातून झालेल्या या स्फोटाने सुमारे पंधरा कोटी टन बाष्प स्थितांबरात फेकले आणि तेथील एकूण बाष्पात जवळजवळ दहा टक्क्यांची भर पडली. जिन्याच्या पहिल्या पायरीवरील थंड पहारा चुकवून पाणी एकदम वर गेले, की ते परत यायला किती वर्षे लागतात, हे शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष मोजता आले.

वरून उतरणारा वायू

आतापर्यंत खालून वर जाणाऱ्या मालाचा विचार झाला. वरून खालीही माल येतो. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण ध्रुवीय प्रदेशात उष्मांबरावर आदळतात आणि आकाशात ध्रुवीय प्रकाश खेळू लागतो. या दिव्य दृश्याबरोबरच तेथे एक रासायनिक घटना घडते: नायट्रोजनचे रेणू फुटतात आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. एरवी सूर्यप्रकाशात हा वायू लवकर नष्ट होतो. परंतु ध्रुवावर हिवाळ्यात महिनोन्‌महिने अंधार असतो. त्या अंधारात तो टिकतो आणि खाली उतरणाऱ्या हवेबरोबर ध्रुवीय भोवऱ्यातून स्थितांबरात येतो. सुझन सॉलोमन, क्रुटझेन आणि रोबल यांनी १९८२ मध्ये या मार्गाचे सविस्तर गणित मांडले होते.

त्याची ठळक प्रचिती २००४ च्या वसंतात आली. आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सूर्यावर प्रचंड वादळे झाली होती. त्यानंतरच्या हिवाळ्यात उत्तर ध्रुवावरील भोवराही असाधारण प्रबळ झाला. मार्चमध्ये उपग्रहांना सुमारे चाळीस किलोमीटर उंचीवर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण नेहमीच्या कितीतरी पट आढळले, आणि काही उंचींवर ओझोन साठ टक्क्यांपर्यंत घटलेला दिसला. या उंचीवर मुळात ओझोन थोडा असल्याने जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांत त्यामुळे मोठा फरक पडला नाही. पण शेतातील मातीतून वर जाणारे रसायन आणि ध्रुवीय प्रकाशातून खाली येणारे रसायन अखेर एकाच ठिकाणी, एकाच रूपात भेटतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

खाली ऊब, वर गारठा

कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते हे आता सर्वज्ञात आहे. तोच वायू वातावरणाचा वरचा भाग थंड करतो, हे मात्र फारसे ठाऊक नसते. जमिनीजवळच्या दाट हवेत तो खालून येणारी उष्णता अडवतो. वरच्या विरळ हवेत त्याचे रेणू शेजारच्या अणूंशी टक्कर होऊन ऊर्जा घेतात आणि ती अवरक्त किरणांच्या रूपाने सोडून देतात. तेथे हे किरण अडवायला वर कोणी नसते, त्यामुळे ऊर्जा सरळ अवकाशात निघून जाते. स्थितांबर थंड होईल, असे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या गणिताने १९६७ मध्येच सांगितले होते. रोबल आणि डिकिन्सन यांनी १९८९ मध्ये आणखी वर पाहिले: कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास मध्यांबर सुमारे १० अंशांनी आणि उष्मांबर सुमारे ५० अंशांनी थंड होईल.

थंड झालेली हवा आकुंचन पावते. उपग्रहांच्या कक्षांच्या अनेक दशकांच्या नोंदींवरून असे दिसते की चारशे किलोमीटरच्या आसपास हवेची घनता दर दशकात काही टक्क्यांनी कमी होत आहे. याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. या उंचीवरील विरळ हवाच निकामी उपग्रहांना आणि त्यांच्या तुकड्यांना हळूहळू खाली खेचून जाळून टाकते. अवकाशाचा झाडूवाला तीच. हवा आणखी विरळ झाली की कचरा अधिक काळ फिरत राहतो आणि टकरींचा धोका वाढतो. अमेरिकेतील एम.आय.टी.च्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, उत्सर्जन असेच वाढत राहिले तर या शतकाच्या अखेरीस २०० ते १००० किलोमीटरच्या पट्ट्यात सुरक्षितपणे सामावू शकणाऱ्या उपग्रहांची संख्या निम्म्याहून खाली येऊ शकते.

येथे गुंतागुंत आणखी वाढते. स्थितांबराचा वरचा भाग थंड झाला की ओझोन नष्ट करणाऱ्या अभिक्रिया मंदावतात, म्हणजे तेथे कार्बन डायऑक्साइड ओझोनला साह्य करतो. पण ध्रुवांवरील खालच्या स्थितांबरात थंडी वाढली की बर्फाळ ढग अधिक होतात, आणि त्यांच्या कणांवर क्लोरीन अधिक आक्रमक बनतो. एकच कारण, दोन मजल्यांवर दोन उलट परिणाम.

नवी भर आणि जुना धडा

या व्यवहारात अलीकडे एका नव्या मालाची भर पडली आहे. अंतराळातून दररोज येणारी उल्काधूळ मध्यांबरात जळते आणि तिच्यातील लोह, सोडियम, मॅग्नेशियम तेथे पसरतात. हे युगानुयुगे चालत आले आहे. आता त्याच उंचीवर जुने उपग्रह आणि अग्निबाणांचे भागही जळतात. अतिउंचीवर उडणाऱ्या विमानांनी गोळा केलेल्या नमुन्यांवरून २०२३ मध्ये असे आढळले की स्थितांबरातील गंधकाम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे दहा टक्क्यांत अवकाशयानांमधून आलेले ॲल्युमिनियम व अन्य धातू आहेत. उपग्रहांची संख्या झपाट्याने वाढत असताना या धातूंचा ओझोनवर काय परिणाम होईल, याचा शोध सुरू आहे.

शोधासाठी मात्र नजर हवी. निशादीप्त ढगांचा अभ्यास करणारा अमेरिकेचा एम हा उपग्रह २००७ मध्ये सोडण्यात आला. त्याचे काम २०२३ मध्ये थांबले. उष्मांबर व मध्यांबरातील उष्णता मोजण्यासाठी २००१ मध्ये सोडलेला टाइम्ड उपग्रह मुळात दोन वर्षांच्या मोहिमेसाठी होता. ज्या बदलांना दशके लागतात, ते मोजणाऱ्या नोंदींची साखळी मध्येच तुटली तर ती मागाहून जोडता येत नाही.

जुना धडा आशादायक आहे. माँट्रियल करारामुळे क्लोरोफ्लुरोकार्बनांचे उत्पादन जगभर बंद झाले. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आढाव्यानुसार, सध्याची धोरणे पाळली गेली तर ओझोनचा थर जगाच्या बहुतांश भागात २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. उत्तर ध्रुवावर २०४५ आणि अंटार्क्टिकावर २०६६ उजाडेल. करार झाल्यापासून अंटार्क्टिकाचे आकाश पूर्ववत होईपर्यंत जवळजवळ ऐंशी वर्षे! कारण यातील काही वायूंचे आयुष्यच पन्नास ते शंभर वर्षांचे आहे. चूक करायला लागलेल्या काळापेक्षा ती निस्तरायला लागणारा काळ मोठा आहे.

म्हणूनच वरच्या मजल्यांचा प्रश्न हा उंच आकाशाचा प्रश्न नसून जमिनीवरील निर्णयांचा प्रश्न आहे. भारतात २०१५ पासून युरियावर कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला. लेपामुळे मातीतील नत्राचे रूपांतर मंदावते, खत वाया कमी जाते आणि त्याबरोबरच नायट्रस ऑक्साइडचे उत्सर्जनही घटू शकते. शेतकऱ्याच्या खर्चाचा विचार करून उचललेले पाऊल तीस किलोमीटर उंचीवरील ओझोनच्याही कामी येऊ शकते, ते असे. मिथेनची गळती रोखणे, वाया जाणारे खत वाचवणे, उपग्रह सोडताना त्याच्या शेवटाचाही हिशेब मांडणे, ही सारी कामे आज केली तरी त्यांचे पूर्ण फळ आपल्या नातवंडांच्या पिढीला दिसेल. आणि आज टाळली, तर त्याची किंमतही तीच पिढी मोजील.